नववीतल्या मुलाची वही कोरी असेल, तर अर्ज याच आठवड्यात द्या

सहामाही संपली की शाळाशाळांत पालकसभा होतात आणि नववीतल्या काही पालकांना बाजूला बोलावून घेतलं जातं. गृहपाठ होत नाही, वह्या अपुऱ्या, वर्गात लक्ष नाही. मग आवाज खाली आणून पुढचं वाक्य येतं: ‘दहावीला झेपायचं नाही, दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ अशा पालकांना आणि त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. आधी मुलाची तपासणी मागा, आणि ती लेखी मागा. ज्यांची शाळा सुटली त्यांना परीक्षेला बसता यावं, म्हणून सतरा नंबरचा फॉर्म आहे. रोज वर्गात येऊन बसणाऱ्या मुलाला बाहेर काढायची ती वाट नव्हे.

त्याची वही एकदा न रागावता उघडून पाहा. वर तारीख, बाजूला समास, पहिली ओळ बरी. दुसऱ्या ओळीपासून शब्द गळायला लागतात. ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. फळ्यावरचं निम्मं उतरवेपर्यंत फळा पुसला जातो, म्हणून खालचं पान कोरं. गणितात ‘चोवीस’ ऐकून ४२ लिहिलेले असतात. पुढची सगळी रीत बरोबर आणि उत्तर चूक. आता वही मिटा आणि तोच धडा तोंडी विचारा. झाड अन्न कसं तयार करतं, सावलीतलं रोप का खुरटतं, हे तो धडाधड सांगेल. इतकं समजणारं आणि रात्री दोन-दोन तास वहीशी झटणारं मूल आळशी नाही. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे आणि तो आपण सगळे मिळून रोज करतो.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनात अडणारी, लिहिण्यात अडणारी, आकड्यांत अडणारी, असे तिचे प्रकार आहेत. बुद्धी कमी नसते, हे घरच्यांनी आधी मनाशी पक्कं करावं. ‘आमच्या पोराला दिव्यांग म्हणता का?’ असा प्रश्न आई-बापांना टोचतो, ते साहजिक आहे. पण दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे, आणि त्या नोंदीमुळेच मुलाला हक्क मिळतात. अशी मुलं लवकरात लवकर ओळखणं ही कायद्यानं शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा सवलती १९९० च्या दशकापासून आहेत. तरीही गावोगावच्या पालकांना त्यांचा पत्ता नसतो, आणि कित्येक शाळांत हा विषय निघतच नाही.

२००७ साली ‘तारे जमीन पर’ पाहून आपण डोळे पुसत बाहेर पडलो. त्यातला ईशान लहान होता, गोड होता. आपल्यासमोरचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मिसरूड फुटलेली, उलट बोलणारा, दप्तर आपटणारा. त्याला पाहून कुणाचे डोळे भरत नाहीत. सात-आठ वर्षं वर्गासमोर अडखळत वाचून हसं झालेलं मूल असंच वागतं. मुली तर गप्पच बसतात, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

प्रत्येक कोऱ्या वहीमागे हेच कारण असतं असं नाही. कुणाला चष्मा हवा असतो, कुणाला नीट ऐकू येत नसतं. कुणी सेमी इंग्रजीत आल्यावर विज्ञान-गणितात बुडतं. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर अर्धं वर्ष फडावर काढणाऱ्या मुलाची अडचण वेगळीच. म्हणूनच तर तपासणी हवी. नुसता आणखी एक क्लास लावून यातलं काहीही सुटत नाही.

तोंडी बोलणं हवेत विरतं, म्हणून अर्ज द्या. साध्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या नावे: माझ्या पाल्याला वाचन-लेखनात सातत्यानं अडचण येते, अध्ययन अक्षमतेच्या दृष्टीनं त्याची तपासणी व्हावी आणि नियमानुसार सवलती मिळाव्यात. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात, त्यांनाही भेटा. शाळा दाद देत नसेल, तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

घाई का, तर प्रमाणपत्र एका दिवसात मिळत नाही. शासनानं नेमलेल्या रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव, नायर, केईएम. इतरांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तिथे डोळे-कान तपासतात, बुद्ध्यंक काढतात, वाचन-लेखनाची चाचणी घेतात, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी तारीख मिळते. त्यानंतर शाळेमार्फत प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जायचा असतो. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून हे जमत नाही. नववीतच सुरुवात झाली, तर तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळू शकतो, आणि वर्षाच्या कष्टांचं चीज होतं.

रुग्णालयाच्या प्रत्येक खेपेला रोजंदारीवरच्या बापाचा दिवस बुडतो. शेजाऱ्यांनो, निवृत्त शिक्षकांनो, इथे तुमची गरज आहे. अर्ज लिहून द्या, एका खेपेला सोबत जा, केसपेपर काढायला रांगेत उभे राहा. आणि ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत, त्यांच्याकडे एक मोठं मागणं आहे: लेखनिक द्या. दहावीच्या मुलाचा लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. ‘आमच्या मुलाचा अभ्यास बुडेल’ म्हणून दारं बंद होतात, आणि परीक्षेच्या तोंडावर एक आई लेखनिक शोधत वणवण फिरते.

शिक्षकांना विनंती, प्रमाणपत्राची वाट पाहू नका. फळ्यावरच्या मजकुराची झेरॉक्स द्या, दहाऐवजी चार गणितं द्या, उत्तर तोंडी ऐकून गुण द्या, वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका. यातल्या कशालाही वरच्या परवानगीची गरज नाही.

या अर्जाला वकील लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. तुमच्या घरात नाही, तर शेजारी, नात्यात, कामावरच्या सोबत्याच्या घरी असं मूल नक्की असेल. त्याच्या आई-वडिलांना हा कागद वाचून दाखवा आणि येत्या शनिवारच्या आत अर्ज शाळेत पोचवा.