साठी, बुद्धि आणि साखर

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, तो स्वतः साठीच्या आंतलाच असला पाहिजे. घरांतील एखादें वडील माणूस नांव विसरलें, किंवा तीच गोष्ट दोनदां सांगूं लागलें, कीं आपण ही म्हण पुढें करतों आणि मोकळे होतों. म्हणीचा मोठा गुण असा कीं, ती पुढचा विचार करण्याचे श्रम वांचविते. तिचा दोषहि तोच. या दोषाचा अनुभव आमच्याच घरीं आला. तो सांगावयास संकोच वाटतो, परंतु सांगितल्यावांचून आजचा विषय पुरा होणार नाहीं.

आमच्या मामंजींना मधुमेह होऊन बारा वर्षें झालीं. वय शहात्तर, स्वभाव शांत. सुनांना कधीं उणें अक्षर बोलल्याचें मला आठवत नाहीं. गेल्या आषाढी एकादशीला त्यांनीं कडकडीत उपास धरला. साखर उतरविणारी सकाळची गोळी मात्र सवयीनें घेतली. दुपारीं चारच्या सुमारास मी चहाचें विचारावयास गेलें, तों ते घामानें भिजलेले, आणि मला माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नांवानें हांक मारीत होते. मीं चूक दाखवितांच इतके कठोर शब्द बोलले कीं, माझ्या डोळ्यांना पाणी आलें. स्वयंपाकघरांत येऊन मी म्हणालें, “मामंजींचें आतां वय झालें!” सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी आमची पुतणी तेवढी उठली आणि यंत्र घेऊन त्यांच्या खोलींत गेली. बोटाच्या थेंबानें सांगितलेला आंकडा होता ४६. साखरेचें पाणी दिलें, वीस मिनिटांनीं मामंजींनीं नेहमींच्या आवाजांत विचारलें, “सूनबाई, चहा झाला का?” मधलें कांहींच त्यांना आठवत नव्हतें. मला मात्र सर्व आठवत होतें, आणि विशेषतः माझे स्वतःचे उद्गार.

हें असें कां झालें? मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या अवघें २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळींहि शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकीं सुमारें २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. त्याचें मुख्य अन्न म्हणजे रक्तांतील ग्लुकोज. दिवसाला त्याला तें सुमारें १२० ग्रॅम लागतें, पण सांठवून ठेवण्याची सोय त्याच्यापाशीं जवळजवळ नाहीं. आणि एका वेळीं सर्व रक्तांत मिळून असतें तें फक्त चहाचा चमचाभर. अशा या खर्चिक पण कोठार नसलेल्या गृहस्थाचा पुरवठा तुटला, म्हणजे तो तत्काळ हवालदिल होतो. साखर ७० च्या खालीं उतरली कीं घाम, थरकांप, चिडचीड, भ्रम, आणि फारच उतरली तर बेशुद्धि, असा क्रम लागतो. वृद्धांत पहिलीं लक्षणें कधीं कधीं दिसतहि नाहींत. दिसतो तो केवळ बदललेला स्वभाव.

वाढलेली साखर अशी एका दुपारीं घाव घालीत नाहीं. ती वाळवीसारखी काम करते. वर्षानुवर्षें ती मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब करीत जाते. शिवाय पोटाच्या आंत सांठलेली चरबी कांहीं रसायनें रक्तांत सोडते, त्यांमुळें शरीरांत मंद दाह धुमसत राहतो. जखमेचा दाह दिसतो, दुखतो आणि शमतो. हा दिसत नाहीं, दुखत नाहीं, म्हणून शमविलाहि जात नाहीं. मेंदूंत मायक्रोग्लिया नांवाच्या रक्षक पेशी असतात. स्पेनमधील पिओ देल रिओ होर्तेगा यांनीं १९१९ सालीं त्या वेगळ्या ओळखल्या. जंतूंशीं लढणें व केरकचरा काढणें हें त्यांचें काम. परंतु दाहाचे निरोप सतत पोंचत राहिले, तर हे रक्षकच घराची मोडतोड करूं लागतात, असें प्रयोगांवरून दिसतें.

रॉटरडॅम येथील वृद्धांच्या पाहणींत १९९९ सालीं आढळलें कीं, मधुमेह असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. २०२४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राच्या मंडळानें टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें मोजलीं, त्यांत मधुमेह आहे. तीं सर्व दूर झालीं तर सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्याचा हिशेब आहे. मात्र म्हणून साखर जितकी खालीं तितकी बरी, असें समजूं नये. २०११ सालच्या एका मोठ्या प्रयोगांत औषधांच्या जोरावर साखर फार कडक ठेवलेल्या मंडळींची स्मरणशक्ति इतरांहून चांगली राहिली नाहीं. वृद्धांना किती साखर योग्य, हें त्यांच्या डॉक्टरांनींच ठरवावें.

“आमच्याकडे लठ्ठ कोणी नाहीं,” असें कांहीं भगिनी म्हणतील. त्यांनीं पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचें २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें छायाचित्र आठवावें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के! आपण भारतीय वरून सडसडीत दिसलों, तरी आंतून तसे असूंच असें नाहीं.

शाकाहारी घरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ब-१२ हें जीवनसत्त्व आपल्याला मुख्यतः दूध-दह्यांतूनच मिळतें, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास तें आणखी कमी होऊं शकतें. त्याच्या अभावीं विसराळूपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात. आणि सर्व दोष पुन्हां वयाच्या माथीं मारला जातो. रक्त तपासून वेळींच उपाय केला, तर हा विसर बहुधा मागें हटतो.

उपायांत नवें फारसें नाहीं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चालावें. चालणारे स्नायु रक्तांतील साखर स्वतःच उचलून घेतात. आपल्या वाडवडिलांची शतपावली हीच. पानांत भाजी, उसळ व वरण यांनीं आरंभ करावा, भात मागून घ्यावा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा प्रकारहि टाळावा; साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट, तो पोटांत जातांच साखरेचें रूप घेतो. मधुमेही माणसानें उपास करण्यापूर्वीं गोळ्या-इंजेक्शनांविषयीं डॉक्टरांना विचारलेंच पाहिजे. साखर उतरल्याचा संशय आल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र कांहीं घालूं नये; तडक रुग्णालय गांठावें.

त्या रात्रीं मीं मामंजींना घडलेलें सर्व सांगितलें. माझे स्वयंपाकघरांतील शब्दहि सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हंसून म्हणाले, “सूनबाई, यापुढें मी रागावलों तर आधीं बोट तपासा. आंकडा ठीक निघाला, तर मात्र खुशाल समजा कीं, मी खरोखरच रागावलों आहें.”