वरकसावरचें पाणी

कोंकणांत पाण्याचा दुष्काळ, असें म्हटलें तर घांटावरचा मनुष्य हंसेल. आणि वरवर पाहतां त्याचें हंसणें योग्यही वाटेल. ठाणें जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें शंभर इंच पाऊस कोसळतो. मुंबईची तहान भागविणारे तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय ह्याच जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत आहेत. तथापि त्याच तालुक्यांतील कित्येक गांवांस व पाड्यांस चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत बसावें लागतें. सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. खालीं काळा पाषाण, वर वीतभर माती. मुरण्यापूर्वींच पाणी ओढ्यानें नदीस आणि नदीनें खाडीस मिळतें.

ठाणें, कल्याण किंवा डोंबिवलीस राहून मुरबाड-शहापुराकडे थोडीफार जमीन बाळगणारीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ असावींत. कोणाची जमीन वडिलोपार्जित, कुळकायद्यानंतर हाताशीं उरलेली; कोणी ती अलीकडे हौसेनें घेतलेली. बहुधा ती वरकसच असते: भाताचीं खाचरें थोडीं, डोंगरउताराचा माळ फार. रविवारीं जाऊन तेथें बाग फुलवावी ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु माघ सरतां सरतां विहिरीचा तळ दिसूं लागतो, आणि मग एकाच पाण्यावर चौघे हक्क सांगत उभे राहतात: घर, शेजारची कातकऱ्यांची किंवा ठाकरांची वाडी, रानांतलीं जनावरें आणि बाग. ह्या पंगतींत बागेनें शेवटीं बसावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बागेस ह्यांत उपाशी ठेवावें असें नव्हे. तिनें थोडक्यांत भागवावयास शिकावें. आंब्याच्या कलमास पहिलीं दोन-तीन वर्षें उन्हाळ्यांत पाणी लागतेंच. तेव्हां पंचवीस कलमें लावून वीस वाळविण्यापेक्षां पांचच लावून पांचही जगवावीं. प्रत्येकाच्या मुळाशीं एक कच्चें, सच्छिद्र मडकें गळ्यापर्यंत पुरून आठवड्यांतून एक-दोनदां भरावें, तोंडावर झांकण ठेवावें आणि आळ्यांत भाताच्या पेंढ्याचा जाड थर पसरावा. ओल झिरपत राहते, उन्हास सांपडत नाहीं. कुंपणास करवंद लावावी. तिला आपल्या पाण्याची अपेक्षा नाहीं, आणि वैशाखांत पांखरांस व मुलांस ती सारखाच मेवा देते. बंगल्यापुढें विलायती हिरवळ राखण्याचा हव्यास मात्र ह्या प्रदेशांत निव्वळ उधळपट्टी होय.

पाणी कमी पडलें कीं पुष्कळांस कूपनलिका सुचते. यंत्र येतें, दोन दिवसांत खडक फोडून जातें, आणि मालकास वाटतें कीं आपण पाताळांतून स्वतंत्र गंगा आणिली. परंतु खडकाच्या भेगा सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाहींत. आपला पंप चालूं झाला आणि वाडीची विहीर आटली, असें होऊं शकतें. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खणण्यास १९९३ च्या कायद्यानें मनाई केली, ती ह्याचसाठीं.

आतां जनावरांविषयीं. रानडुक्कर, भेकर, साळिंदर, ससा हीं उन्हाळ्यांत बागेकडे वळतात, तीं फळांइतकींच ओलीच्या ओढीनें. डुक्कर भिजलेलें आळें उकरतें, नळी फोडतें. मालक चिडून कुंपणांत विजेची तार सोडतो किंवा कोणाकडून तारेचे फासे लावून घेतो. विजेची तार डुकरास ओळखीत नाहीं. पहांटे पाण्यास निघालेल्या बाईचाही ती बळी घेईल. शिवाय कायदा स्पष्ट आहे. परवाना काढून बंदूक खांद्यावर टाकावी आणि डुकरामागें जावें, हे दिवस कधींच संपले. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्यांत १९९१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें शिकारीस जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. उभ्या पिकाची नासाडी करणारें जनावर मारावयाचें, तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो.

आळीं वांचवावयाचीं असतील तर बागेपासून दूर, झाडोऱ्याच्या कडेस, एक उथळ पाणवठा करावा. त्याचे कांठ उतरते असावेत व आंत दोन-चार दगड ठेवावेत, म्हणजे पडलेलें पिलूं वर येऊं शकतें. विहिरीस कठडा नसेल तर तो आधीं बांधावा. उघड्या विहिरींत बिबटे पडल्याच्या वार्ता जुन्नरकडून वारंवार येतात.

पण पाणवठा केला आणि रविवारीं सायंकाळीं दारास कुलूप लावून आपण डोंबिवलीस परतलों, तर शिकाऱ्यासाठीं आपणच सावज गोळा करून ठेविल्यासारखें होतें. उन्हाळ्यांत रानांतलीं इतर डबकीं आटलेलीं असतात. जेथें पाणी तेथें जनावर येणारच, आणि हें शिकारी पुरतें ओळखून असतो. कातकऱ्याच्या फाशाची चर्चा शहरांत तावातावानें होते. मोटार आणि झोतदिवा घेऊन येणाऱ्या शौकिनाची तितकी होत नाहीं, हें नमूद करण्याजोगें आहे. ह्या दोघांवरही नजर ठेवूं शकेल अशी एकच संस्था आहे, ती म्हणजे शेजारची वाडी. तिच्या बायकांस आपल्या विहिरीवर हंडे भरूं द्यावे, तिच्यांतलाच एखादा मनुष्य पगार देऊन राखणदार नेमावा. ज्या विहिरीवर त्याच्या घरचा घडा भरतो, तिच्या आसपास रात्रीं कोण अपरिचित फिरतो हें त्यास आपल्यापेक्षां आधीं कळतें, आणि वनरक्षकास निरोप तोच धाडतो. फाल्गुनांत राब भाजतांना आग माळावर चढूं नये म्हणून हद्दीचें गवत वेळेवर कापून घेण्याचें कामही त्याच्याकडेच सोंपवावें.

पाणी अडविण्याचें काम मात्र वैशाखांत सुचून उपयोग नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास, ओढा वाहता असतांनाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून त्यांचा आडवा बांध घालतात. त्यास वनराई बंधारा म्हणतात. वाडीचीं दहा-बारा माणसें एका दिवसांत असा बांध उभा करतात. खर्च मजुरीचा आणि जेवणाचा. विहिरीच्या वरच्या अंगास तो साधला तर तिचें पाणी अधिक दिवस टिकतें.

तानसा अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची मोजदाद करतात. आपल्या माळावर मचाण नको. सायंकाळीं पाणवठ्याभोंवतीं बारीक माती चाळून पसरावी, आणि सकाळीं मुलांना घेऊन ठसे पाहावे: भेकराचे खूर नाजूक व टोकदार, डुकराचे रुंद, आणि मोराचीं तीन बोटें पुढें.