पाट आणि थप्पड

दर दिवाळीला या सदरात मी दुसऱ्यांच्या खटल्यांविषयी लिहितो. यंदा मामला घरचाच आहे. वाचक सांभाळून घेतील अशी आशा आहे.

गेल्या वर्षीची नरकचतुर्दशी. चोराला मुहूर्त साधता आला नाही असेच म्हणावे लागेल, कारण पहाटे साडेचारला आमच्या इमारतीत झोपलेले कोणीच नव्हते. तळमजल्यावरचे शेजारी अंगाला तेल लावून, पंचा नेसून, हातात पाट घेऊन न्हाणीघराकडे निघाले होते. वाटेत स्वयंपाकघरात पाहतात तो खिडकीचे गज वाकवून एक इसम आत उतरलेला! त्याने सळई उगारली आणि शेजाऱ्यांनी पाट हाणला. पाट त्याच्या मनगटावर बसला. सळई खणखणत खाली पडली.

इथवर कायदा शेजाऱ्यांच्या पाठीशी होता. १८६० च्या दंडसंहितेत स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमे ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि तीच कलमे ३४ ते ४४ या आकड्यांनी नांदू लागली. मार बसेपर्यंत थांबा, असे ती सांगत नाहीत. धोक्याची वाजवी भीती उत्पन्न झाली की हक्क सुरू होतो. नुसती शिवीगाळ म्हणजे हल्ला नव्हे, पण अंगावर सळई उगारणे हा हल्लाच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याच्या बाबतीत तर, निरुपायच झाला तर, हा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. घाबरलेल्या माणसाने प्रत्येक फटका सोनाराच्या काट्यावर तोलून मारावा, अशी अपेक्षा न्यायालयेही करीत नाहीत.

पुढचे लिहायला मात्र जड जाते. आरडाओरडा ऐकून सारी बिऱ्हाडे खाली धावली. त्या इसमाला जिन्याच्या कठड्याला बांधले. इसम कसला, वीस-बावीस वर्षांचे पोर! मग ज्याने त्याने हात धुऊन घेतले. मीही त्याच्या तोंडावर एक थप्पड ठेवून दिली. चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने!

सळई खाली पडली, हात बांधले गेले, तेव्हाच आमचा हक्क संपला होता. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास सवड असेल तर हक्कच उरत नाही, असे ३७ वे कलम स्पष्ट म्हणते. धोका टळला की हक्कही सरला, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली जयदेव खटल्यात सांगून ठेवले आहे. घरफोड्याला पकडण्याचा अधिकार तुम्हाआम्हांलाही आहे. मात्र उगाच विलंब न लावता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचे असते. मारण्याचा अधिकार त्यात कुठेच नाही. हे सारे मी तरुण वकिलांना शिकवीत आलो आहे.

पोलीस येईपर्यंत शेजारच्या वहिनींनी एक हात सोडवून त्याच्यापुढे फराळाची बशी ठेवली. ‘सण आहे,’ एवढेच म्हणाल्या. त्याने लाडू खाल्ला, चकली तशीच ठेवली.

‘का रे?’

‘दात पडलाय, ताई.’

माझ्या पोटात गोळा आला. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पण दात मोडला किंवा निखळला की कायद्याच्या भाषेत ती ‘गंभीर दुखापत’ होते आणि शिक्षा जाते सात वर्षांपर्यंत.

उपनिरीक्षकांनी आल्याबरोबर तेच विचारले. शेजारी चटकन पुढे झाले. ‘साहेब, माझ्या पाटानेच पडला असेल.’

माणूस मोठ्या मनाचा, आणि युक्तीही बिनतोड! पाटाचा मार कायदेशीर. तेव्हा दात पाटाच्या नावावर लिहिला की सगळेच सुटत होते. मंडळींनी माना डोलावल्या. ही युक्ती मला त्यांच्याही आधी सुचली होती, हेही कबूल करतो. पोराचे मनगट टम्म सुजले होते. तो काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे पाहत होता.

‘पाट मनगटावर लागला, साहेब,’ मी म्हणालो. ‘तोंडावर मी मारले.’

उपनिरीक्षक मला चांगले ओळखत होते. तरी त्यांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, ‘पूर्ण नाव सांगा.’

प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिणे उचित नव्हे. जबाबावर सही करून घरी आलो तेव्हा चांगले उजाडले होते. अभ्यंगाचे पाणी निवून गेले होते. हिने काही न विचारता ते पुन्हा तापत ठेवले.