वटहुकुमांचें राज्य

राज्यघटना उत्तम आहे, तेव्हां लोकशाहीची चिंता करण्याचें कारण नाहीं, असें प्रतिपादन करणारे विद्वान् आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रौढ मतदान, मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायालय ही त्यांची यादी आम्हांसहि मान्य आहे. परंतु घर सुरक्षित आहे कीं नाहीं, हें दर्शनी खांबांवरून ठरवावयाचें कीं मागच्या दाराच्या कडीवरून, याचा विचार या मंडळींनीं केलेला दिसत नाहीं. आमच्या घटनेस असें एक मागचें दार आहे. केंद्रांत त्याचें नांव कलम 123, राज्यांत कलम 213.

संसदेच्या दोहोंपैकीं एक सभागृह जरी बंद असलें, आणि तातडीची गरज आहे असें मंत्रिमंडळास वाटलें, तर राष्ट्रपतींच्या सहीनें वटहुकूम निघतो व तत्काळ कायद्याइतकाच बंधनकारक होतो. संसद पुन्हां भरल्यावर सहा आठवड्यांनीं तो संपतो. पण दोन अधिवेशनांमध्यें सहा महिन्यांपर्यंत अंतर चालत असल्यामुळें सुमारें साडेसात महिने लोकप्रतिनिधींस न विचारतां देशावर कायदा चालवितां येतो. अडीअडचणीसाठीं एवढी सोय हवीच, असें आमचे प्रतिपक्षी म्हणतील. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम 19 जुलै 1969 रोजीं निघाला; संसद 21 जुलैला भरावयाची होती. राष्ट्रीयीकरण इष्ट कीं अनिष्ट, हा येथें प्रश्नच नाहीं. दोन दिवस कां थांबवलें नाहीं, एवढेंच आम्ही विचारतों.

हें हत्यार इंग्लंडहून आलें असें सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें. नुसता जाहीरनामा काढून राजास नवा कायदा करतां येत नाहीं, हें तेथील न्यायाधीशांनीं 1610 सालींच ठरवून टाकलें होतें. जें घरीं चालूं दिलें नाहीं, तें इंग्रजांनीं 1861 च्या कायद्यानें येथील गव्हर्नर जनरलच्या हातीं दिलें. पुढें 1930 सालीं लॉर्ड आयर्विननें वटहुकूम काढूनच लाहोर खटल्यासाठीं खास न्यायासन नेमलें, आणि त्याच्या निकालानें भगतसिंग, सुखदेव व आमच्या खेडचे राजगुरू फांसावर गेले. ज्याचा घाव एवढा खोल लागला, तेंच शस्त्र आम्हीं 1935 च्या कायद्यांतून उचलून नव्या घटनेंत ठेवलें. मे 1949 मध्यें घटनासमितींत हृदयनाथ कुंझरू, प्रा. के. टी. शहा यांनीं हरकती घेतल्या. संसद भरलेली नसतांना अकस्मात् प्रसंग उद्भवल्यास काय करावें, असा डॉ. आंबेडकरांचा सवाल होता. आणि अशा प्रसंगापुरता तो बिनतोडच होता. परंतु प्रसंग उद्भवला कीं नाहीं हें ठरविण्याचें काम ज्यास आवरावयाचें त्याच्याचकडे राहिलें.

परिणाम बिहारांत दिसला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. डी. सी. वाधवा यांनीं तेथील दप्तरें चाळून दाखवून दिलें कीं, 1967 ते 1981 या काळांत राज्यपालांनीं 256 वटहुकूम काढले व ते पुनःपुन्हां जारी करून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. रीत अगदीं सोपी होती. अधिवेशन संपलें कीं तोच मजकूर त्याच शब्दांत पुन्हां प्रसिद्ध करावयाचा. विधानसभेनें भरावें, भाषणें करावीं, भत्ते घ्यावे व उठावें. कायदे सचिवालयांत होत राहिले. प्राध्यापक मजकूर सर्वोच्च न्यायालयांत गेले, व डिसेंबर 1986 मध्यें हा प्रकार घटनाबाह्य ठरला. मात्र अधिवेशनांत कामाची फारच गर्दी असल्यास पुन्हां वटहुकूम काढण्यापुरती एक फट न्यायालयानें ठेवली, ती आमच्या मतें ठेवावयास नको होती. त्याच बिहारांत 1989 सालीं 429 खाजगी संस्कृत शाळा वटहुकुमानें सरकारी करण्यांत आल्या. एकामागून एक वटहुकूम निघाले; ते विधिमंडळापुढें कधीं मांडलेच गेले नाहींत, आणि शेवटचा 1992 मध्यें संपला. आपण सरकारी नोकर झालों असें समजून बसलेल्या शिक्षकांस निर्णायक उत्तर मिळालें 2 जानेवारी 2017 रोजीं: पुनःपुन्हां वटहुकूम काढणें ही घटनेची फसवणूक होय, कायमचा हक्क कोणताहि नाहीं, मिळालेला पगार तेवढा परत घेऊं नये. पंचवीस वर्षांनीं मिळणाऱ्या असल्या न्यायास ज्यांस अंकुश म्हणावयाचें असेल त्यांनीं खुशाल म्हणावें.

हें एकाच पक्षाचें पाप नव्हे. भूसंपादनाचा वटहुकूम 31 डिसेंबर 2014 रोजीं निघाला, व 3 एप्रिल आणि 30 मे 2015 रोजीं पुन्हां निघाला. एप्रिलच्या वेळीं संसदेचें अधिवेशन मधल्या सुटींत होतें. म्हणून राज्यसभेचें सत्रच संपविण्यांत आलें. सभागृह बंद असतांना वटहुकूम काढावयाचा, आणि तें बंद नसेल तर आधीं बंद करावयाचें!

आमची मागणी मोठी नाहीं. वटहुकूम निघाल्यापासून चौदा दिवसांत संसद बोलवावी, न बोलविल्यास तो आपोआप रद्द व्हावा, आणि तोच मजकूर पुन्हां काढण्यास घटनेनेंच मनाई करावी. सभासद आज विमानानें एका दिवसांत दिल्लीस पोंचतात, तेव्हां अंतराची सबब उरलेली नाहीं. राष्ट्रपतींच्या समाधानाविषयीं न्यायालयांनीं विचारूंच नये, ही 1975 ची तरतूद 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें गेली. आणीबाणींत तुरुंगवास भोगून आलेलीं माणसें तेव्हां सत्तेवर होतीं, लेखणी हातांत होती, कलमहि समोर उघडें होतें. त्यांनीं तेवढेंच खोडलें, व बाकीचें तसेंच ठेवलें.