तीनशे शब्दांच्या पुढे

कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि जामिनाची एक अट देशभर गाजली. अपघात या विषयावर त्याने तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा होता. लोक संतापले आणि ते रास्तच होते. दोन जीव गेल्यावर निबंध हे उत्तर असू शकत नाही, हे कुणालाही कळते. पण दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आले की शाळा-महाविद्यालयांत मुलांकडून आपण नेमके हेच करून घेतो. निबंध, घोषवाक्ये, भित्तिपत्रके, एक फेरी, सामुदायिक शपथ आणि शेवटी पाहुण्यांसोबत छायाचित्र. त्यावर मात्र कुणी संतापत नाही.

कल्याणीनगर मागे टाकून नगर रस्त्याने पुढे गेले की विमाननगर, खराडी आणि मग वाघोली. एकेकाळी दगडखाणींसाठी ओळखले जाणारे हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्याआधीच तिथे अभियांत्रिकी महाविद्यालये, वसतिगृहे आणि उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. आज त्या एकाच रस्त्यावर खाणीचे डंपर, काँक्रीट मिक्सर, रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांचे कंटेनर, पीएमपीच्या बस, आयटी कंपन्यांच्या गाड्या आणि त्यांच्या फटीतून वाट काढणारी हजारो तरुणांची दुचाकी वाहने असतात. चालणाऱ्यासाठी जागा शोधावी लागते. केसनंद फाट्यावर २२ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर एक डंपर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढला. अमरावतीहून कामासाठी आलेल्या या कुटुंबांतले तिघे गेले. त्यांत दोन तान्ही मुले होती. चालक दारू प्यालेला होता, असे पोलिसांनी सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार रस्ते अपघातांत जगभर वर्षाला ११ लाख ९० हजार माणसे मरतात आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच आहे. हिवताप नाही, क्षय नाही, कर्करोगही नाही. भारतात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजार ४९१ जण रस्त्यावर गेले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाचे होते आणि शंभरातले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. एखाद्या साथीने एवढे तरुण नेले असते, तर तिच्यावरचा उपाय परिणामकारक आहे की नाही, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला गेला असता. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमांना तो क्वचितच विचारला जातो.

जिथे विचारला गेला तिथली उत्तरे फारशी सुखावणारी नाहीत. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने शाळेतल्या वाहनचालन शिक्षणाचा आढावा २००१ मध्ये घेतला. अशा शिक्षणाने अपघात कमी होतात, असा पुरावा त्यात सापडला नाही. उलट मुलांना परवाना लवकर मिळतो आणि ती लवकर रस्त्यावर येतात, एवढे मात्र दिसले. याउलट त्याच संस्थेच्या दुसऱ्या आढाव्यात हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, हे स्पष्ट झाले. म्हणजे प्लास्टिकचे कवच आणि आतला फेस काम करतात. व्याख्यान करत नाही. हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती स्थापन करणाऱ्या शहरात हे पुन्हा सांगावे लागते, ही गंमत नव्हे.

व्याख्यान का चालत नाही, याचे एक कारण मेंदूत आहे. परिणामांचा अंदाज घेऊन स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. पण सतराव्या वर्षी मुलाला धोका कळतच नाही, असा याचा अर्थ नाही. एकटा असताना तो बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळात हे मोजले. सोबती पाहत असताना किशोरांनी एकटे असतानाच्या जवळपास दुप्पट धोका पत्करला. विशीच्या आसपासच्या तरुणांतही वाढ दिसली. त्याहून मोठ्यांमध्ये फरक पडला नाही. वाघोलीत दुचाकीवर तिघे बसलेले दिसतात, तेव्हा धोका केवळ वजनाने वाढलेला नसतो. मागे बसलेल्या दोघांच्या नजरेनेही तो वाढलेला असतो.

पण ही नजर दोन्ही बाजूंनी काम करते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना आभासी गाडी चालवायला दिली आणि शेजारी त्यांच्याच वयाचा एक मुलगा बसवला. तो बेफिकीर वाटला तेव्हा मुलांनी अधिक धोके पत्करले, सावध वाटला तेव्हा कमी. शिक्षकांच्या दहा तासांच्या उपदेशाला जे जमत नाही, ते मित्राच्या एका वाक्याला जमते ते यामुळेच. टेक्सासमधील ‘टीन्स इन द ड्रायव्हर सीट’ हा कार्यक्रम २००२ पासून याच तत्त्वावर चालतो. संशोधन संस्था माहिती पुरवते. कोणता धोका पुढे आणायचा आणि तो कसा सांगायचा, हे विद्यार्थी ठरवतात. दारूचा धोका मुलांना ठाऊक असतो, पण रात्री गाडी चालवण्याचा धोका त्यांच्या गणतीतच नसतो, हे तिथे ध्यानात आले. जिनिव्हात एप्रिल २००७ मध्ये युवकांची जागतिक रस्ता सुरक्षा परिषद भरली होती. तरुणांना श्रोते न मानता भागीदार माना, ही मागणी तेव्हापासूनची.

आपल्याकडे भागीदार या शब्दाचा अर्थ बहुधा स्वयंसेवक असा घेतला जातो. चौकात शिट्टी घेऊन उभे राहायला मुले चालतात, फलक धरायला चालतात. कार्यक्रम काय असावा हे ठरवायच्या बैठकीला मात्र त्यांना कुणी बोलावत नाही. बोलावले तर काय होईल? समजा, वाघोलीतल्या विद्यार्थ्यांना विचारले की तुम्ही उलट्या दिशेने गाडी का घालता. ‘वेळ वाचतो’ हे उत्तर येईलच. पण त्यामागोमाग दुभाजकातली वळायची जागा कुठे आहे, वसतिगृहाचे फाटक कुठे उघडते, रात्री कोणत्या पट्ट्यात दिवे नसतात आणि बस थांबते तिथे उभे राहायला जागा का नाही, हेही कळेल. कोणत्या खड्ड्याला डंपर बगल देतो आणि तेव्हा दुचाकी कुठे ढकलली जाते, याचा नकाशा रोज तिथून जाणाऱ्यांच्या डोक्यात तयार असतो. मुंबईत भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्च शाळेबाहेरचा रस्ता सुरक्षित करताना मुलांचे म्हणणे विचारात घेतले गेले होते. शाळकरी मुलांना जे जमले, ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जमू नये असे काही नाही. शिवाय वाहतुकीची मोजणी, वेगाच्या नोंदी, नकाशे हा तर त्यांच्या अभ्यासाचाच भाग होऊ शकतो.

अपघातानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाची गोष्ट तर तरुणांशिवाय पुरी होऊच शकत नाही. रात्री पडलेल्या मुलाजवळ पहिला पोचतो तो बहुतेक वेळा त्याचा मित्रच. डोके आपटलेला मुलगा उठून बसतो, ‘काही झालं नाही’ म्हणतो. मित्र त्याला खोलीवर नेतात आणि झोपवतात. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल, तर सुरुवातीला काही वेळ माणूस अगदी शुद्धीवर, बोलता असतो. मग डोके ठणकते, उलटी होते, गुंगी येते आणि ती झोप नसते. या अवधीत शस्त्रक्रिया झाली तर मुलगा पूर्ण बरा होऊ शकतो. मित्रांना हे ठाऊक नसते म्हणून वेळ जातो, हे अर्धेच कारण. परवाना नाही, गाडी दुसऱ्याची, पोटात बिअर, घरी कळेल, पोलीस विचारतील, ही उरलेली कारणे. ती सभागृहातल्या प्रश्नोत्तरांत कुणी सांगणार नाही. वर्षाने मोठ्या असलेल्या मुलाला वसतिगृहाच्या गच्चीवर सांगेल. १०८ ला फोन करा, पाणी पाजू नका, मान वाकवू नका, हे फलकावर लिहिणे सोपे आहे. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे मित्राच्या तोंडून ऐकले तर मात्र फोन लावला जाण्याची शक्यता वाढते.

एक सावधगिरी हवी. तरुण म्हणजे केवळ महाविद्यालयीन विद्यार्थी नव्हेत. जेवणाचे डबे पोचवणारा, बांधकामावर राबणारा, डंपरवर किन्नर म्हणून चढून विशीत चालक झालेला मुलगा, हेही त्याच वयाचे आहेत आणि त्यांचा धोका अधिक आहे. ठरलेल्या वेळेत पोचवण्याचा किंवा जास्त खेपा मारण्याचा दबाव ज्याच्यावर आहे, त्याला ‘सावकाश जा’ सांगून काही हाती लागत नाही. तो दबाव टाकणाऱ्यालाही बैठकीत बसवावे लागेल. तसेच मुलांना सहभागी करून घेतले म्हणून रस्त्याची जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येणार नाही. पदपथ बांधणे, दिवे लावणे, अवजड वाहनांच्या वेळा पाळायला लावणे आणि अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकावर कलम १९९अ लावणे, ही कामे मोठ्यांचीच आहेत.

मोटार वाहन कायद्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. तिच्या बैठकीत वाघोलीच्या महाविद्यालयांतले दोन विद्यार्थी आणि एक तरुण वाहनचालक कायम बसावेत. अभियानाच्या पैशातला काही भाग त्यांनी ठरवलेल्या कामावर खर्च व्हावा. त्यांच्या सूचनेवर काय झाले, ते पुढच्या बैठकीत लेखी मांडले जावे. सुरुवातीला एक काम तयारच आहे. रामवाडी ते वाघोली मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. काम सुरू झाले की नगर रस्त्यावर काही वर्षे पत्रे लागतील, मार्गिका अरुंद होतील आणि ओलांडायच्या जागा बदलतील. ते पत्रे कुठे लागणार, रात्री तिथे दिवा कुठे असणार आणि चालणाऱ्याने कुठून जायचे, याचा आराखडा कंत्राटदाराने वाघोलीच्या विद्यार्थ्यांसमोर पहिला पत्रा रोवण्याआधी उलगडून ठेवावा.