वजनाचे ऑपरेशन आणि आपाच्या घरातली चर्चा

लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. दस्तरखानावर बसल्या बसल्या त्याला पोटाच्या तीन भागांची हदीस ऐकवली जाते. शेजारी दोन ताटे फस्त करणाऱ्या सडपातळ माणसाला मात्र ती कुणी ऐकवत नाही. आमच्या नात्यातल्या एका बाईने हे वीस वर्षे ऐकले. ती कान्ह्याला राहते. नाव देत नाही, आपण तिला आपा म्हणू.

वय 38, उंची पाच फूट, वजन 104 किलो. आठ वर्षांपासून साखर आहे आणि गोळ्या घेऊनही ती ताब्यात येत नाही. रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, मग दचकून उठते. गुडघे लोकलच्या डब्यात चढताना बोलतात. गेल्या हिवाळ्यात तिने वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढला आणि घरात दोन तट पडले. हा विषय बऱ्याच घरांत दबक्या आवाजात चाललेला आम्ही ऐकतो, म्हणून या महिन्यात त्यावरच लिहीत आहोत.

पहिला आक्षेप नेहमीचाच होता. तोंडावर ताबा ठेव, पोट कशाला कापतेस? पण आपाने काय करायचे बाकी ठेवले होते? मावळात राहून इंद्रायणीचा भात सोडला, भाकरी धरली, पहाटे फाट्यापर्यंत चालली. एका रमजानमध्ये पाच किलो उतरले आणि बकरी ईदपर्यंत सहा परत आले. हा आळस नव्हे. वजन घटले की शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते. भूक लावणारे घ्रेलिन हे हार्मोन वाढते, पोट भरल्याची खूण देणारी हार्मोन्स घटतात, शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की, डाएटने वजन उतरवलेल्या लोकांमध्ये हा बदल वर्ष उलटले तरी टिकून होता. म्हणजे वर्षभर रोज जास्त भूक सोसायची आणि वर पुन्हा ‘ताबा नाही’ हे ऐकायचे.

दुसरा आक्षेप सासऱ्यांचा. अल्लाहने दिलेले निरोगी पोट कापायचे का? त्यांनी स्वतःच जाऊन मौलानासाहेबांना विचारले, हे आम्हाला आवडले. मौलानासाहेबांनी उलट प्रश्न केला, बारीक दिसण्यासाठी करते की आजारासाठी? आजारासाठी असेल तर तो इलाज आहे, भरवशाच्या डॉक्टरला विचारा. आमच्या घरांत दर दुसरी बाळंतीण सिझेरियनची असते, पित्ताशयेही काढली जातात, तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

सासूबाईंची भीती मात्र खरी होती. त्यांनी इमानचे नाव काढले. इजिप्तची इमान अहमद फेब्रुवारी 2017 मध्ये विमानाने मुंबईला आली, क्रेनने तिला सैफी रुग्णालयात चढवले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. वजन 500 किलोच्या आसपास सांगितले जात होते. 7 मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ऑपरेशन केले. पुढे बहीण आणि डॉक्टर यांच्यात मतभेद झाले, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले आणि 25 सप्टेंबरला ती तिथे वारली. सासूबाईंना एवढेच आठवत होते की ऑपरेशन झाले आणि बाई गेली. पण इमान अनेक वर्षे अंथरुणावर होती, तिला आधी पक्षाघात होऊन गेला होता, आणि मृत्यूचे कारण हृदय व मूत्रपिंडाचे आजार सांगितले गेले. चालत्याफिरत्या आपाची तिच्याशी तुलना होत नाही. मग आपाच्या नवऱ्याने नितीन गडकरींचे उदाहरण दिले. त्यांनी 2011 मध्ये मुंबईत हेच ऑपरेशन करून घेतले आणि त्यानंतर देशभर फिरत राहिले. सासूबाई म्हणाल्या, ते मंत्री आहेत, त्यांना काय. तेही खोटे नाही.

धोका शून्य नाही, हे आपाला डॉक्टरांनी आधीच सांगितले. चांगल्या केंद्रात हजारात एखादा रुग्ण दगावतो. टाके घातलेल्या जागेतून गळती होऊ शकते, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. दुसऱ्या पारड्यात अनियंत्रित साखर आणि झोपेत अडकणारा श्वास आहे. स्वीडनमध्ये 1987 पासून हजारो लठ्ठ रुग्णांवर लक्ष ठेवले गेले. ऑपरेशन केलेल्यांत पुढच्या वर्षांतले मृत्यू न केलेल्यांपेक्षा कमी निघाले.

आता पैसा. कान्हे फाट्याच्या सरकारी रुग्णालयात साखर तपासून मिळते, हे ऑपरेशन मात्र पुण्यातच, आणि खर्च काही लाखांचा. विमा असेल तर पॉलिसी काढून नीट वाचा. विमा नियामकाच्या नियमांनुसार वय 18 पूर्ण असावे, डॉक्टरांचा सल्ला असावा, साधे उपाय करून झालेले असावेत आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असावा. तो 35 च्या वर असून साखर ताब्यात नसेल, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा हृदयविकार असेल तरीही चालते. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की बीएमआय मिळतो. आपाचा जवळजवळ 45 आला. विमा घेऊन किती वर्षे झाल्यावर हे ऑपरेशन लागू होते, तेही बघा. दागिने मोडायचा विचार त्यानंतरचा. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनेही भारतात आली. आपाने त्यांची चौकशी केली, पण ती बंद केली की वजन बहुधा परत येते, आणि दर महिन्याचा तो खर्च वर्षानुवर्षे तिला झेपणारा नव्हता.

आपासाठी डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवले आहे. यात दुर्बिणीतून पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन बरेचसे त्याच काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूकही कमी होते. पण आपा नवरीसारखी बारीक होणार नाही. वर्ष-दीड वर्षात साधारण पाव वजन उतरते, म्हणजे ती 78 च्या आसपास येईल, आणि त्यातले थोडे पुढे परत येऊ शकते. ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ, मग मऊ जेवण. नंतर एका वाटीत पोट भरते. जेवताना पाणी नाही, पाणी आधी किंवा अर्ध्या तासाने. प्रथिने आधी खायची, भात शेवटी. सुरुवातीला केस गळतात, ते पुढे येतात. बी12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र कायमच्या. जिलेटिनच्या कॅप्सूल नको असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, चघळायच्या गोळ्याही मिळतात. वर्ष-दीड वर्ष मूल नको, हे नवराबायको दोघांनी ऐकून ठेवायचे.

आणि रोजे. पहिल्या वर्षी बहुतेक डॉक्टर नको म्हणतात, कारण एवढ्याशा पोटात इफ्तार ते सहरी दरम्यान दिवसभराचे पाणी आणि प्रथिने मावत नाहीत. आजाऱ्याला सवलत आहे, रोजे नंतर कजा करता येतात. आपाला सगळ्यात जास्त रडू याच गोष्टीचे आले, चिरफाडीचे नव्हे. पुढच्या वर्षीही एकदम तीस धरायचे नाहीत, डॉक्टरांना विचारून एकदोन धरून बघायचे. शीरखुर्म्याची वाटी चमच्यावर येणार. गोड एकदम पोटात गेले तर काहींना घाम सुटतो, छाती धडधडते.

तारीख बकरी ईदनंतरची ठरली आहे. आपाने एकच अट घातली की आहारतज्ज्ञांसमोर नवरा आणि सासूबाई दोघांनी बसायचे, कारण स्वयंपाक तिघांचा एकत्रच होतो. दोघे पुण्याला गेले. सासूबाई तासभर गप्प बसल्या आणि निघताना विचारले, यखनी चालेल का? बाई म्हणाल्या, चालेल, पण वरची चरबी काढून, गाळून, आणि दोन-दोन घोट.