'नीट मराठीत बोला'

मागच्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात तक्रार निवारणाची बैठक होती. बातमीसाठी मी मागच्या खुर्चीवर. खेड्यातली एक बाई उठली, म्हणाली, "साहेब, पंधरा दिन व्हई ग्यात, नयले पानी नही." साहेब हसले. "बाई, जरा नीट मराठीत बोला." सगळे हसले. बाईने हातातल्या कागदाची घडी घातली आणि खाली बसली. तक्रार तिथेच संपली.

खरं सांगू? मीही हसलो.

आणि मी कोण? घरी अहिराणी बोलणारा. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्या दिवशी ओळख करून देताना 'आहे'च्या जागी 'शे' तोंडातून निघालं आणि अख्खा वर्ग हसला होता. त्या रात्री ठरवलं, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. वर्षभरात जीभ अशी वळवली की 'तू खानदेशचा वाटतच नाहीस' असं कोणी म्हटलं की छाती फुगायची. मित्रांसमोर आईचा फोन आला की प्रमाण मराठीत बोलायचो. एकदा ती म्हणाली, "आते तुन्हासंगे कसं बोलू रे?" त्यानंतर ती माझ्याशी जपून, शब्द शोधत बोलायला लागली. पाहुण्याशी बोलतात तशी.

प्रमाण मराठीला माझा विरोध नाही. माझं पोट तिच्यावरच चालतं. पण नवी भाषा शिकणं वेगळं आणि घरच्या भाषेची लाज वाटणं वेगळं. लाज आली की माणूस आधी शब्द गिळतो, मग म्हणणंच गिळतो. त्या बाईचं तेच झालं.

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला आपण बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांची बोली लेवा गणबोली, आमची अहिराणी, पण दोन्ही याच मातीतल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माउलीला आज कुणी म्हटलं असतं का, 'नीट मराठीत बोला'? २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले. त्या मराठीत ही बाई बसते की नाही?

शिक्षकांना, अधिकाऱ्यांना आणि माझ्या पत्रकार मित्रांना एकच विनंती. समोरचा काय म्हणतोय ते आधी ऐका. कळलं नाही तर विचारा, हसू नका.

बैठकीनंतर मी त्या बाईला बाहेर गाठलं. तिची तक्रार अहिराणीतच विचारून घेतली. दोन वाक्यांत तीनदा अडखळलो.

आता रोज संध्याकाळी आईला फोन करतो. अहिराणीत.